लिनक्सच्या सल्ल्यात बूटलोडर राहून गेला

संपादक महोदय,

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. जुना संगणक भंगारात न काढता विंडोजच्या जोडीला लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. सल्ला चांगलाच आहे. म्हापशात माझे डीटीपीचे लहानसे दुकान आहे आणि माझ्या मशीनवर दोन्ही आहेत. पाने जुळवण्याचा पेजमेकर आणि डोंगलवर (मशीनला जोडायच्या परवाना-किल्लीवर) चालणारे, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट यांच्यासाठी विंडोज ठेवावेच लागते. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह मात्र मी लिनक्समध्येच उघडते. गावभर फिरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये काय दडले असेल, सांगता येत नाही.

पण संगणक सुरू होताना ‘यातले कुठले उघडू?’ असे विचारणाऱ्या बूटलोडरबद्दल लेखात चकार शब्द नाही. तो कुठला ठेवायचा, हे लिनक्स बसवण्याआधी ठरवायचे असते. मी ठरवले नव्हते.

बोडगेश्वराची जत्रा तोंडावर होती. नाटकांची हस्तपत्रके, पावतीपुस्तके, सगळी कामे एकदम आलेली. त्यातच विंडोज बिघडले म्हणून ते नव्याने घालून घेतले. मशीन परत आले ते थेट विंडोजमध्येच उघडू लागले, लिनक्स गायब. दुरुस्तीवाला म्हणाला, “बाय, ते उडाले. डिस्क फॉर्मॅट करून सगळे परत घालूया.” आत चार मंडळांची छापायला तयार पाने! रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, काही फॉर्मॅट करू नकोस. मशीन चालू करताना एफ १२ दाबत राहा.” दाबत राहिले, तर यादी आली आणि त्यात उबुंटू. मी वापरते मिंट, पण ते उबुंटू या लिनक्सवरूनच बनवलेले, म्हणून त्याची नोंद तिथे उबुंटू नावानेच असते. एंटर मारला, पाने जागच्या जागी. (कुठल्या मशीनवर एफ ९ असते, कुठे एस्केप.)

झाले होते एवढेच, की नव्या विंडोजने यादीत स्वतःला पहिले घातले होते. यूईएफआयच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅमच्या) मशीनमध्ये डिस्कवर एक छोटे फॅट ३२ पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, असते. त्यात प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो आणि आधी कोण, हा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत असतो. त्याआधीच्या, जुन्या बायोसच्या मशीनवर मात्र खरेच पुसले जाते. तिथे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूटलोडरच्या वाट्याला जेमतेम ४४६ येतात. त्या जागेवर विंडोज आपले लिहिते आणि आधीचे जाते.

याच भाच्याने फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकताना आमच्या पहिल्या संगणकात लिनक्स घातले होते, तेव्हा लिलो हा बूटलोडर असायचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की लिलोची आज्ञा पुन्हा द्यायची. विसरला, की मशीन सुरू होताना अडकून सगळे ठप्प.

आता मिंटसोबत ग्रब हा बूटलोडर आपोआप येतो. जुन्या बायोसच्या मशीनवर तोच ठेवावा. सिस्टिमडी-बूट आणि रीफाइंड हे दुसरे दोन बूटलोडर तिथे चालतच नाहीत. ग्रबची एक खोड आहे: २.०६ या आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचे काम त्याच्यात मुळातच बंद असते. काही लिनक्समध्ये ते चालू करून देतात, काहींत नाही. तेव्हा यादीत विंडोज दिसले नाही म्हणून घाबरू नये. सेटिंगच्या फाईलमधली एक ओळ बदलून यादी नव्याने बनवली की ते येते.

सिस्टिमडी-बूट सुटसुटीत आहे, पण त्याला कर्नल सहसा त्या छोट्या पार्टिशनमध्येच लागतात. विंडोजने ते बऱ्याचदा १०० एमबीचेच केलेले असते. एक-दोन कर्नलांतच भरून जाते.

मी शेवटी रीफाइंड घेतला. तो दरवेळी सुरू होताना डिस्कवर काय काय आहे ते स्वतः बघतो आणि चित्रे मांडतो. दुकानातल्या मुलीला ‘पेंग्विनवर जा’ (तो लिनक्सचा) एवढे सांगितले की झाले. विंडोज पुन्हा घातले तर हाही मागे ढकलला जाईलच, पण आता एफ १२ ठाऊक आहे. सिक्युअर बूट (सही नसलेले काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर रीफाइंडसाठी सह्या-किल्ल्यांची वेगळी खटपट करावी लागते. मी ते बंद केले. माझ्या दुकानापुरते ठीक, बँकेचे वगैरे काम त्या मशीनवर करणाऱ्याने विचार करावा.

पुढच्या लेखात आणखी एक गोष्ट जरूर छापा. यातल्या कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहायचे. असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यायची, कारण बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते. ती त्याच मशीनमधल्या फाईलमध्ये ठेवून उपयोग नाही. माझी एका जुन्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर आहे.

आपली एक वाचक,
म्हापसा, बार्देश