मॅरेथॉनचा आनंद रेषेच्या पुढे साजरा व्हावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पार पडली की पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे आणि वेळा छापून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ४२.१९५ किलोमीटर धावून समाप्तीपर्यंत पोहोचलेले हौशी धावपटू तो क्षण कसा साजरा करतात, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते.

कमान दिसताच थकलेल्या चेहऱ्यावर येणारे हसू मी फार मोलाचे मानतो. अडचण त्यानंतरची आहे. रेषा ओलांडताच अनेक जण जागच्या जागी थांबतात, मोबाइल काढतात, मित्रांच्या गळ्यात पडतात, आणि पोटरीत गोळे आलेले मागचे धावपटू त्या घोळक्यावर येऊन आदळतात. धावताना पायांचे स्नायू रक्त हृदयाकडे परत ढकलत असतात. एकदम थांबले की ते पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. संपूर्ण अंतर नीट पार केलेला माणूस रेषेपलीकडे चार पावलांवर कोसळतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. रस्त्याला वाकून नमस्कार करण्याची आपल्याकडची रीत मला मनापासून आवडते, पण तो नमस्कारही दहा मिनिटे सावकाश चालल्यावर करावा, अशी माझी विनंती आहे.

इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांनी १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली, तेव्हा ते थांबले नाहीत. मैदानावरच्या हिरवळीवर त्यांनी लगेच व्यायामप्रकार सुरू केले. त्याआधी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकलेले चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांना जमैकाच्या रिले धावपटूंनी खांद्यावर उचलून घेतले होते. दुसऱ्या देशाच्या खेळाडूंनी केलेले ते कौतुक आजही वाचताना भरून येते.

खाण्यापिण्याबाबतही थोडे भान हवे. घाम गाळल्यावर नुसते पाणी पोटभर पिऊन चालत नाही, कारण रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मीठ घातलेले लिंबू किंवा कोकम सरबत आणि सोबत एखादे केळे बरे. बिअरचा बेत संध्याकाळवर ढकलावा. धोबी तलावच्या इराण्याकडे चहा-ब्रून मस्का, दादरला मिसळ, किंवा गळ्यात पदक घालूनच पकडलेली लोकल आणि डब्यातल्या अनोळखी प्रवाशांनी केलेली विचारपूस, हे सारे त्या दिवसाचे खरे वैभव आहे. काही सोसायट्यांच्या दारात घामेजलेल्या धावपटूचे औक्षण होते, निरांजनाच्या उजेडात ते पदक शेजारची मुले हातात घेऊन पाहतात. याहून सुंदर सत्कार मला तरी ठाऊक नाही.

म्हणून शहरात अशा स्पर्धा भरवणाऱ्या सर्वच आयोजकांना सुचवावेसे वाटते की, रेषेपासून पुढे काही अंतर केवळ चालण्यासाठी मोकळे ठेवावे, ‘थांबू नका, चालत राहा’ अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून मराठीतही सतत द्यावी, आणि छायाचित्रांचा फलक व कुटुंबीयांच्या भेटीची जागा त्या पट्ट्याच्या शेवटी असावी. ही सारी व्यवस्था, वाजंत्रीसह, ठरलेल्या मुदतीतला शेवटचा धावपटू येईपर्यंत उभी राहावी. सहा-सात तास रस्त्यावर राहून आलेल्यांच्या वाट्याला उचललेले अडथळे आणि रिकाम्या खुर्च्या येऊ नयेत.

आपला विश्वासू,
एक धावपटू वाचक, दादर, मुंबई