पदकानंतरची नोकरी

संपादक महोदय,

कारगिल विजय दिवसाला आपण जवानांच्या शौर्यकथा छापता. मी त्या आवडीने वाचतो, पण प्रत्येक कथा पदकापाशी येऊन थांबते. पुढे त्या माणसाचा चरितार्थ कसा चालला, यावर एक ओळ नसते.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या विल्यम कार्नीचे उदाहरण देतो. हा नॉरफोकला गुलामीत जन्मलेला. गुलामगिरीवाल्या दक्षिणी राज्यांविरुद्ध लढणाऱ्या संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या फौजेत, कृष्णवर्णीयांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत दाखल झाला. १८ जुलै १८६३ला दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरच्या हल्ल्यात निशाणवाला पडला. धुराच्या लोटात शिपाई निशाणाकडे बघूनच पुढे सरकायचे. कार्नीने ते उचलून तटापर्यंत नेले आणि माघारीच्या वेळी गोळ्या अंगावर घेत परत आणले. या पलटणीला पगार गोऱ्यांपेक्षा कमी: महिना १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांचे कापून. पलटणीने कित्येक महिने पगारच घेतला नाही. तोफांपुढे उभे राहायचे आणि पगारही नाकारायचा! मी स्वतः पोस्टमन होतो, टपाल खात्यातले संप जवळून पाहिलेत, पण हे धाडस वेगळेच.

जखमांमुळे त्याला १८६४ला सैन्यातून मोकळे केले. सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते २३ मे १९००ला, म्हणजे त्या हल्ल्यानंतर जवळजवळ ३७ वर्षांनी. मधल्या काळात हा गडी करत काय होता? न्यू बेडफर्ड शहरात घरोघर टपाल वाटत होता, १८६९पासून तब्बल ३२ वर्षे! १८९०मध्ये पोस्टमनांच्या संघटनेची तिथली शाखा निघाली, तिचा उपाध्यक्षही झाला. पदक आले तेव्हाही नोकरी चालूच होती. मी ठाण्यात चरई-नौपाड्याचे बीट, म्हणजे टपाल वाटपाची रोजची फेरी, केले आहे. भर पावसात खांद्यावरची थैली धडधाकट माणसालाही कशी जड होते, ते मला ठाऊक आहे. याच्या तर अंगावर युद्धाच्या जखमा. निवृत्तीनंतर त्याने बॉस्टनच्या राज्य सरकारी इमारतीत निरोप्याचे काम धरले आणि १९०८ला तिथल्याच लिफ्टच्या अपघातानंतर वारला.

आमच्या सोसायटीच्या गेटवर फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार गाड्यांचे नंबर लिहीत बसतात. घोडबंदर रोडच्या संकुलांत असे आणखीही भेटतील. येत्या पुरवणीत आपल्या वार्ताहराने त्यांना पेन्शन किती, ड्यूटी किती तासांची आणि बसायला खुर्ची तरी मिळते का, एवढे विचारून छापावे.

– एक निवृत्त पोस्टमन, चरई, ठाणे