पहिली एरर शोधायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्या वर्गातली बरीच मुलं अजून त्याच एररच्या ओळींपाशी अडकली आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

तुमची-माझी ओळख नव्हती. होस्टेलमधल्या मैत्रिणीने नंबर दिला, ‘ताई एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या कॉम्प्युटरवर काम करतात, विचारून बघ’ म्हणाली. आम्हाला काम दिलं होतं ते असं: लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नेलकडे काम मागायची वाट) घालायचा, कर्नेल कंपाइल करायचा, म्हणजे सोर्स कोडपासून बनवायचा, आणि त्याच कर्नेलवर मशीन सुरू करून दाखवायचं. मी कर्नेल डॉट ऑर्गवरून सोर्स उतरवला होता, माझ्या लिनक्सची, म्हणजे उबुंटू 22.04 ची, चालू कॉन्फिग फाइल (कर्नेलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) त्यात आणली होती आणि मेक, म्हणजे सगळं बांधून काढणारी कमांड, दिलं होतं. काही वेळ ओळी सरसर धावायच्या आणि मग सगळं थांबायचं. शेवटच्या ओळीत ‘एरर 2’. त्या दोन नंबरच्या एररचा अर्थ शोधण्यात माझे दोन दिवस गेले होते. दर वेळी आधीचं सगळं पुसणारं मेक एमआरप्रॉपर देऊन पहिल्यापासून सुरुवात करायचे, त्यात ती कॉन्फिग फाइल, डॉट-कॉन्फिगही पुसली जायची.

त्या रात्री तुम्ही ऑफिसमधून नुकत्याच घरी आला होतात. मी ती शेवटची ओळ वाचून दाखवली, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हा नुसता निरोप्या आहे गं. आतलं मेक पडलं, एवढंच तो बाहेरच्या मेकला सांगतोय. भांडण कुठे झालं ते वर जाऊन बघ.’ मी जे-8 दिलं होतं, म्हणजे आठ कामं एकदम चाललेली. एक पडलं तरी हातातली बाकीची कामं संपेपर्यंत ओळी छापल्या जातात आणि खरी चूक वर कुठेतरी गाडली जाते. सगळं आउटपुट एका फाइलमध्ये घ्यायला लावलंत, आणि तीन चांदण्या (***) सगळ्यात आधी कुठे दिसतात ते शोधायला सांगितलंत.

सापडलं. ‘नो रूल टू मेक टार्गेट’, म्हणजे ही फाइल कशी बनवायची ते मेकला माहीत नाही, आणि पुढे डेबियन फोल्डरमधल्या कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेमचं नाव.

तुम्हाला उत्तर तेव्हाच ठाऊक होतं, हे मला आता कळतं. एक कमांड सांगून फोन ठेवता आला असता. पण तुम्ही विचारलंत, ‘ही फाइल तुझ्याकडे आहे?’ नव्हती. ‘मग ती हवी असं कोण म्हणतंय?’ मी ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) लावला, तेव्हा ते नाव माझ्याच डॉट-कॉन्फिगमध्ये निघालं, सिस्टिम ट्रस्टेड कीजच्या ओळीत. उबुंटूवाले, म्हणजे कॅनॉनिकल कंपनी, आपल्या सोर्समध्ये ते सर्टिफिकेट ठेवतात. मूळ सोर्समध्ये ते नसतंच. कॉन्फिग एका घरची आणि सोर्स दुसऱ्या घरचा. ती ओळ आणि तिच्या खालची रिव्होकेशन कीजची ओळ, दोन्ही रिकाम्या केल्या आणि गाडी पुढे सरकली. एका एररसाठी तुम्ही पाऊण तास दिलात, ताई. त्यानंतर काही साधी पॅकेजेस नसल्याच्या एरर्स आल्या, त्या मी एकटीने दहा मिनिटांत सोडवल्या.

दुसऱ्या दिवशीची एरर वेगळीच होती. सीसी1 ‘किल्ड’, म्हणजे कंपायलरचा प्रोग्राम मध्येच मारला गेला. कंपायलरच बिघडला समजून मी जीसीसी दोनदा काढून परत टाकलं. तुम्ही शांतपणे डीमेसेज (कर्नेलचे निरोप दाखवणारी कमांड) बघायला सांगितलंत, तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ लिहिलेलं होतं. माझ्या लॅपटॉपची मेमरी 4 जीबी, आणि आठ कंपायलर एकदम धावत होते. कर्नेलनेच त्यांतला एक मारला होता. जे-2 केलं, 8 जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) जोडली. आणि परत क्लीन करू दिलं नाहीत: ‘झालेलं काम का पुसतेस? मेक थांबलं होतं तिथूनच पुढे जाईल.’ शेवटी सगळे तुकडे जोडताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं, म्हणजे नाव आहे पण त्यामागचा कोड सापडत नाही, तेव्हा तुम्हाला फोन करायची गरज पडली नाही. सिस्टिम कॉलच्या तक्त्यात 548 नंबरला नाव घातलं होतं, पण माझी सी फाइल मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकला काय बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहायची राहिली होती.

वेळ वाचावा म्हणून तुम्ही मेक लोकलमॉडकॉन्फिग करायला सांगितलं होतंत. त्या घडीला जी मॉड्यूल्स (कर्नेलचे सुटे भाग) चालू असतात तेवढीच ते ठेवतं. नव्या कर्नेलवर मशीन सुरू झालं, पण अहवाल ज्या पेनड्राइव्हवर होता तो दिसेना. कॉन्फिग केली तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, त्यामुळे यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूल गळलं होतं. मला रडू फुटलं. तुम्ही म्हणालात, ‘चूक माझी आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं.’ माझ्यापेक्षा इतक्या मोठ्या, इतक्या जाणत्या माणसाने असं सरळ म्हणावं, हे मी त्या दिवसापर्यंत कधी अनुभवलं नव्हतं. जुना कर्नेल काढू नकोस हे तुम्ही पहिल्याच रात्री बजावलं होतंत. ग्रबच्या मेनूतून (मशीन सुरू होताना कर्नेल निवडायची यादी) त्यावर परत आले, पेनड्राइव्ह लावला, ते मॉड्यूल घातलं आणि पुन्हा मेक दिलं.

रात्री दीडच्या सुमाराला नव्या कर्नेलवर माझा चाचणीचा प्रोग्राम चालवला. डीमेसेजच्या तळाशी ओळ उमटली. तिथे मी ‘हॅलो वर्ल्ड’ न लिहिता आईचं नाव लिहिलं होतं. स्क्रीन तुम्हालाही दिसत होती. तुम्ही क्षणभर काहीच बोलला नाहीत. मग विचारलंत, ‘जेवलीस का?’

नव्हते जेवले, ताई. तुम्ही फोन चालू ठेवलात, मी डबा उघडला, आणि माझं खाऊन होईपर्यंत तुम्ही थांबलात.

मनापासून आभार.

तुमची,
548 नंबरवाली