१९०७ ची निवडणूक आणि लाल रेघ

हेलसिंकी

ती. नानाकाका,
सा. न.

फोनवर तुम्ही विचारलंत, फिनलंडमध्ये पहिल्याच निवडणुकीत १९ बायका निवडून आल्या त्या राखीव जागांवर का? राखीव जागा एकही नव्हती. तुम्ही इतक्या निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून बसलात, म्हणून त्या वेळची पद्धतच नीट लिहून पाठवतो. त्यात थोडं गणित आहे, ते फोनवर सांगून कळलं नसतं.

फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यातला स्वायत्त प्रांत होता. १९०५ च्या सार्वत्रिक संपापुढे झार दुसरा निकोलस नमला आणि १९०६ च्या जुलैत नवा कायदा मंजूर झाला. सरदार, पाद्री, शहरातले व्यापारी आणि जमीनमालक शेतकरी अशा चार वर्गांची जुनी सभा गेली, २०० जणांचं एकच सभागृह आलं. मतदार साधारण दहापट वाढून पावणेतेरा लाखांच्या घरात गेले.

यादीत नाव येण्यासाठी वय २४ हवं. दोन वर्षांचा कर थकवलेला, कायमच्या सरकारी मदतीवर जगणारा, दिवाळखोर, लष्करात नोकरीला असलेला, दुसऱ्याच्या पालकत्वाखाली असलेला, अशांना मत नाही. आता गंमत बघा. लग्न झालेली बाई कायद्याने नवऱ्याच्या पालकत्वाखालीच होती. म्हणजे या एका कलमाने निम्म्याहून जास्त बायका यादीबाहेर गेल्या असत्या. म्हणून कायद्यात तिथेच अपवाद घातला: नवऱ्याचं पालकत्व आड येणार नाही. घरात सही नवऱ्याची, मत मात्र तिचं स्वतःचं. ते पालकत्व कायद्याने सुटायला पुढे १९३० साल उजाडावं लागलं.

मतदान १५ आणि १६ मार्च १९०७ असं दोन दिवस झालं. मतदारसंघ १६. त्यांतल्या लॅपलंडला एकच जागा, बाकी सगळीकडे अनेक जागा. निदान ५० मतदारांनी एकत्र येऊन यादी द्यायची, यादीत जास्तीत जास्त तीन नावं. अशा सगळ्या याद्या एकाच मतपत्रिकेवर छापायच्या. आडोशाला जाऊन आपल्या यादीसमोर लाल पेन्सिलीने रेघ ओढायची, एवढंच काम. आपल्याकडचा शिक्का आठवा.

खरी गोम मोजणीत आहे. यादीला ९०० मतं पडली, तर पहिल्या नावाला ९००, दुसऱ्याला निम्मी म्हणजे ४५०, तिसऱ्याला एकतृतीयांश म्हणजे ३००. एकच माणूस अनेक याद्यांवर चालायचा आणि सगळीकडची बेरीज त्याच्या खात्यात जमा व्हायची. त्यामुळे मोठे पक्ष एखादं वजनदार नाव बऱ्याच याद्यांवर घालत. यादीत तिसरं नाव असलेला उमेदवार मात्र दुसऱ्या यादीचा टेकू नसेल तर मागेच राही.

याद्यांना आघाडी करता येई. जागावाटप आघाडीच्या एकूण मतांवर, द'हाँट पद्धतीने. समजा जागा पाच, आघाड्यांची मतं क ६०००, ख ३६००, ग १५००. प्रत्येकाला १, २, ३ ने भागत जायचं आणि सर्वांत मोठे पाच आकडे निवडायचे: ६०००, ३६००, ३०००, २०००, १८००. क ला तीन, ख ला दोन, ग ला भोपळा. आघाडीतलं कोण आत जाणार, ते वरच्या वैयक्तिक बेरजेवर ठरायचं. छोट्या गटाने आघाडी टाळली की त्याची मतं पाण्यात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. एका जागेला एकच उमेदवार असता, तर पक्षांनी बहुतेक पुरुषच उभा केला असता. एका मतदारसंघात अनेक जागा म्हटल्यावर बायकांची नावं घालणं पक्षांना परवडलं. १९ पैकी ९ सोशल डेमोक्रॅट, म्हणजे कामगारांच्या डाव्या पक्षाच्या होत्या. त्यांतल्या मीना सिल्लानपा यांनी घरकामगार म्हणून दिवस काढले होते, आणि १९२६ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या.

मतदान सुमारे ७० टक्के झालं. पक्षांच्या जागा अशा: सोशल डेमोक्रॅट ८०, फिनिश भाषकांचे दोन पक्ष ओल्ड फिन्स ५९ आणि यंग फिन्स २६, स्वीडिश भाषकांची स्वीडिश पीपल्स पार्टी २४, शेतकऱ्यांची ॲग्रेरियन लीग ९, ख्रिश्चन कामगार २. सोशल डेमोक्रॅटांच्या ८० जागांमागे कारखान्यांपेक्षा खेडी जास्त होती. खंडाने जमीन कसणारी कुळं त्यांच्याकडे वळली. संसदेचं स्वतःचं घर नव्हतं, सुरुवातीच्या बैठका हेलसिंकीच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाच्या सभागृहात भरल्या.

दुखणं वेगळंच होतं. कायदा पास झाला तरी झारची मंजुरी लागे, सरकार संसदेला जबाबदार नव्हतं, आणि संसद बरखास्त करणं झारच्या हातात. १९०८, १९०९, १९१०, १९११, दरवर्षी निवडणूक! पेन्सिली तेवढ्या झिजल्या.

तीन नावांची यादी पुढे दोनवर आली आणि मग एकावर. आता मतपत्रिकेवर एक वर्तुळ असतं, त्यात उमेदवाराचा क्रमांक स्वतः लिहायचा. १ आणि ७ वेगळे ओळखू येतील असे काढा, अशी सूचना मतदारांना आवर्जून देतात. तुमच्या केंद्रावर ही पद्धत आली तर निम्मा वेळ बाद मतांच्या भांडणात जाईल.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
सुहास