मराठ्यांच्या कागदांसाठी युरोप शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही कुणाला भाषण करू दिलं नाहीत. "चहा घ्या आणि तासाला जा," एवढंच म्हणालात. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता चारचौघांसमोर लिहिते आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

एम.ए.ला आम्ही बहुतेक सगळे मराठ्यांच्या इतिहासासाठी आलो होतो. 'आधुनिक युरोप' हा पेपर नोट्सवर उरकायचा, असा आमचा सरळ हिशोब. तुम्ही फळ्यावर 1640 लिहिलंत आणि विचारलंत, या सालाचा मुंबईशी काय संबंध? वर्ग गप्प. मग तुम्ही सांगत गेलात. त्या साली पोर्तुगाल स्पेनच्या राजवटीतून बाहेर पडला, स्पेनशी लढाई ओढवली, इकडे समुद्रावर डच एकेक ठाणं गिळत होते. इंग्लंडची पाठराखण मिळवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून 1661च्या विवाह-तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझाबरोबर मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या पदरात पडली. ताबा मिळेपर्यंत 1665 उजाडलं, आणि 1668 मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्यावर ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं तेही 1668 मध्येच. "सासरच्या आधाराची गरज सरायच्या वेळी बेट मात्र हातचं गेलेलं," असं तुम्ही म्हणालात आणि वर्ग हसला. नोट्सवाले तेव्हापासून पहिल्या बाकावर बसू लागले.

प्रबंधासाठी मी मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम घेतली, तेव्हा समितीतल्या एकांनी विचारलं होतं, मराठी साधनं मुबलक असताना पोर्तुगीज कशाला? तुम्ही वाद घातला नाहीत. नुसतं म्हणालात, "वेढ्याला दोन बाजू असतात." विषय मंजूर झाला.

खरं शिक्षण सुरू झालं ते तुमच्या टेबलावर. तीन कागद शेजारी शेजारी मांडलेले. एक मोडीतलं पत्र, त्यावर 'छ' (म्हणजे चंद्र) घालून सफर या हिजरी महिन्याची तारीख आणि सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत चालणारी वर्षगणना. दुसरी गोव्याच्या दप्तरातली नक्कल. तिसरं मुंबईकर इंग्रजांचं पत्र. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर उचललेलं, इंग्रज 1752 पर्यंत जुन्यालाच चिकटून. म्हणजे 1739 साली गोव्यात 16 मे असेल तर मुंबईच्या इंग्रजांकडे 5 मे. सतराव्या शतकात हाच फरक दहा दिवसांचा. त्यात इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून शिवाजी महाराजांची जानेवारी 1664 मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत 1663 खाली सापडते. तुम्ही पट्टी घेऊन पेन्सिलीने रकाने आखलेत आणि म्हणालात, "आधी तारखा लाव, मग मत दे."

तो तक्ता भरता भरता माझ्या हातातली पत्रं जागेवर बसली. मदतीची याचना आधी आणि तिचं उत्तर नंतर, इतकी साधी गोष्ट, पण तोवर ती उलटी दिसत होती. गोवा वसईच्या मदतीला का धावला नाही, हेही तेव्हा नीट कळलं. 1739 च्या सुरुवातीलाच मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्याच सासष्टीत उतरले होते, मग गोव्याने स्वतःला सांभाळायचं की उत्तरेला फौज धाडायची? त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत बसलेला, म्हणजे पेशव्यांचं निम्मं लक्ष तिकडे. चिमाजी अप्पांनी वसईच्या शिबंदीला वाजतगाजत, निशाणं फडकवत बाहेर पडू दिलं, हे मी पूर्वी निव्वळ औदार्य म्हणून वाचत होते. औदार्य होतंच. पण वेढा लवकर निकालात काढण्याची निकडही होती, असं माझं मत झालं. तुम्ही त्या परिच्छेदाशेजारी हिरव्या शाईत लिहिलंत, "पुरावा?" तो शोधायला आणखी एक पावसाळा गेला आणि प्रकरण दुप्पट झालं.

बाई, विभागात लोक तुम्हाला 'दोन डगरींवर हात' म्हणायचे, हे तुम्हालाही ठाऊक होतं. मराठ्यांवर बोलायला बोलावणारे युरोपचा विषय निघाला की चुळबुळत, आणि युरोपवाल्यांना मोडी म्हणजे आपलं काम नव्हे असं वाटे. या गटबाजीपायी तुमचं किती काम मागे पडलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात हयात घालवून जी वाट पाडली, तिच्यावरून तुम्ही चाललात आणि आम्हालाही न्यायचं म्हणून रविवारी सकाळी घरी पोर्तुगीज शिकवलंत. फी विचारली तर दारच दाखवायचात! क्रियापदांची रूपं चुकली की मात्र गय नव्हती.

शिफारसपत्रं, लिस्बनच्या दप्तरखान्यात कुणाला लिहायचं याची माहिती, मार्गदर्शकाशी बिनसलेल्या मैत्रिणीला दिलेला आसरा, हे सगळं लिहीत बसले तर हे पत्र तुम्ही पूर्ण वाचणार नाही. या सगळ्यासाठी मनापासून आभार.

आता एक काम आहे. माझ्याकडे दोन विद्यार्थी आले आहेत. एकाला मोडी सफाईदार येते, दुसरी पोर्तुगीज शिकते आहे, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. दोघांनाही वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर काम करायचं आहे, म्हणजे आता डचही आलं. पुढच्या महिन्यात त्यांना तुमच्याकडे पाठवते. कुठली वेळ सोयीची, तेवढं कळवा.

आपली विद्यार्थिनी