जुने ड्रॉइंग बदलण्याची परीक्षा घ्या

महोदय,

संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये भौमितिक कन्स्ट्रेंट, म्हणजे रेषांचे परस्परसंबंध बांधून ठेवणारे नियम, 2010 च्या आवृत्तीपासून आहेत. तरी आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांकडून सराव करून घेतला जातो तो मुख्यतः नवे ड्रॉइंग काढण्याचा. कारखान्यात मात्र जुन्या ड्रॉइंगमधले माप बदलण्याचेच काम जास्त पडते.

साधी प्लेट घ्या. 120 बाय 80 मिमी, चार कोपऱ्यांत 10 मिमीची भोके, प्रत्येकाचे केंद्र दोन्ही कडांपासून 15 मिमी आत. आता लांबी 150 करायची आहे. डावी कड पक्की असून उजवीकडच्या भोकांचे माप तिच्यापासून 105 दिलेले असेल, तर उजवी कड 30 मिमी सरकते आणि भोके जागच्या जागी राहतात. 15 चे अंतर 45 होते! सॉफ्टवेअर काहीच बोलत नाही, कारण त्याच्या लेखी एकही नियम मोडलेला नसतो. हे माप उजव्या कडेपासून 15 द्यावे, नाहीतर पॅरामीटर मॅनेजरमध्ये, म्हणजे मापांच्या यादीत, 105 च्या जागी ‘एकूण लांबी वजा 15’ असे सूत्र घालावे.

कड पक्की करायची म्हणजे काय, हे हिशेबानेच कळते. प्रत्येक रेषेची दोन टोके आणि प्रत्येक टोक आडवे-उभे हलणारे, म्हणून चार सुट्या रेषा मिळून 16 प्रकारे हलू शकतात. टोके जोडणारे चार कोइन्सिडंट त्यातले 8 अडवतात, दोन आडवे आणि दोन उभे कन्स्ट्रेंट 4, लांबी-रुंदी 2. उरलेल्या दोनसाठी खालचा डावा कोपरा फिक्स करावा लागतो. तो राहून गेला, तर माप बदलल्यावर कोणती कड सरकेल याचा भरवसा नाही.

एखादे माप जास्तीचे झाले की सॉफ्टवेअर ते संदर्भमाप (फक्त वाचण्यापुरते माप) म्हणून कंसात ठेवू का, असे विचारते. तिथे ‘हो’ म्हणावे. घाईने सगळे कन्स्ट्रेंट पुसले, तर चित्र हुबेहूब तसेच दिसते, पण रेषांचे परस्परसंबंध गेलेले असतात. रेषा छाटल्या, वाढवल्या, तोडल्या किंवा जोडल्या (ट्रिम, एक्स्टेंड, ब्रेक, जॉइन), तरीही काही कन्स्ट्रेंट गळतात. म्हणून बदलाच्या आधी आणि नंतर ‘शो ऑल’ करून कन्स्ट्रेंटची सगळी चिन्हे ताडून पाहावीत. ग्रिप (रेषेवरचा पकडबिंदू) ओढताना शिफ्ट दाबले, तर कन्स्ट्रेंट सैल होतात, हेही मुलांना आधीच सांगायला हवे.

प्रात्यक्षिक परीक्षेत कन्स्ट्रेंट लावलेले तयार ड्रॉइंग द्यावे, एकच माप बदलायला सांगावे आणि नंतर भोकांची जागा मोजून गुण द्यावेत.

– मेकॅनिकल ड्राफ्टिंगचे काही शिक्षक, पिंपरी-चिंचवड