गिरगावातील घड्याळवाल्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

आमच्या शाळेच्या रोबोटिक्स वर्गातील मुलांनी बनवलेल्या चाकांवर चालणाऱ्या रोबोचा पंजा आपण जुलै महिन्यातील दोन शनिवार खर्ची घालून पुन्हा चालता केलात. त्या दिवशी पाऊस वाढल्यामुळे मुलांना घरी पोहोचवण्याच्या गडबडीत मी दोन शब्दांत आभार मानून जिना उतरले आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की आपण आम्हाला जे दाखवलेत ते अशी यंत्रे हाताळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आणि शिक्षकाच्या उपयोगाचे आहे.

आमच्या रोबोचे काम साधे होते. जमिनीवरचा 4 सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा पंज्यात धरायचा आणि टोपलीत नेऊन टाकायचा. पंज्याचे दोन्ही जबडे 9 ग्रॅम वजनाच्या एका छोट्या सर्व्हो मोटरवर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळणाऱ्या मोटरवर, चालतात. पहिली मोटर जळाली, तेव्हा आम्ही लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून दुसरी आणली. तीन आठवड्यांत तिच्यातून करकर आवाज येऊ लागला आणि जबडे अर्ध्यावर अडकू लागले. ‘उघडून काही मिळणार नाही, नवी बसवा’ असा सल्ला आम्हाला मिळाला होता. मोटर महाग नसल्यामुळे तो चुकीचाही वाटला नाही.

आपण मात्र दोन्ही बिघडलेल्या मोटरी मागवून घेतल्यात. टेबलावर उघडून ठेवलेले एचएमटीचे घड्याळ काचेच्या झाकणाखाली सरकवलेत, डोळ्याला भिंग लावलेत आणि मोटरच्या तळाचे चार लांब स्क्रू काढून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडलेत. आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका चाकाचे सलग दोन दाते मुळापासून उडालेले होते. ते चाक चिमट्यात धरून आपण मुलांना विचारलेत, ‘‘ठोकळा हातात आल्यावर हा पंजा पुढे काय करतो?’’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते, कारण पंज्याने ठोकळा धरला की त्याचे काम संपले असेच आम्ही सगळे समजत होतो.

खरे तर ते संपत नव्हते. सर्व्होच्या आत बाहेरच्या आसाला जोडलेला एक पोटेन्शिओमीटर असतो. आस किती अंशांत वळला आहे हे तो सांगतो आणि सांगितलेला कोन गाठला जाईपर्यंत मोटर जोर लावत राहते. आमच्या प्रोग्रॅममध्ये जबडे पूर्ण मिटण्याचा कोन लिहिलेला होता, आणि मध्ये ठोकळा असल्यामुळे तो कोन कधीच गाठला जाणार नव्हता. त्यामुळे ठोकळा धरल्यापासून सोडेपर्यंत मोटर जागच्या जागी ताणलेली राहायची. त्या ताणाने पहिली तापून जळाली आणि दुसरीचे दाते गेले. दोन वेगळे वाटणारे बिघाड एकाच कारणाचे निघाले, आणि तिसरी मोटरही याच वाटेने गेली असती.

मोटर दुरुस्त झाल्यानंतरची अर्ध्या तासाची तपासणी मी विसरणार नाही. वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी आपण ठोकळा आणि जबडा यांच्यामध्ये ठेवायला लावलीत, आणि आठवीतली एक मुलगी लॅपटॉपवर दोन-दोन अंशांनी कोन बदलत असताना प्रत्येक वेळी पट्टी ओढून पाहिलीत. जिथे पट्टी न फाटता निघेना, तिथे आपण थांबायला सांगितलेत. हाच कोन आता आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. या जातीची मोटर 4.8 व्होल्टला साधारण 1.8 किलो-सेंटीमीटर जोर देते. म्हणजे आसापासून 1 सेंटीमीटरवर 1.8 किलो, आणि 6 सेंटीमीटर लांबीच्या जबड्याच्या टोकाशी सुमारे 300 ग्रॅम. ठोकळा जेमतेम 40 ग्रॅमचा असल्यामुळे या 300 ग्रॅमहून कितीतरी कमी दाब पुरतो, विशेषतः आपण सुचवल्याप्रमाणे जबड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवल्यापासून. ठोकळा उचलताना रोबो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, तेही थांबले. मोटर ताण घेई तेव्हा बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) खाली येत होता, हे आम्हाला नंतर उमगले.

ती दुरुस्तीही सांगायला हवी. जळालेल्या मोटरची चाके शाबूत होती. ती आपण दुसरीत बसवलीत. घड्याळात तेल चाकाच्या आसाच्या टोकांना देतात, दात्यांना देत नाहीत, हे सांगतानाच येथे मात्र कारखान्यातूनच दात्यांवर ग्रीस आलेले आहे हे आपण हेरलेत, जुने काळवंडलेले ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस टाचणीच्या टोकाने लावलेत. आपल्या कामाची पद्धत परक्या यंत्रावर न लादता आधी त्या यंत्राकडे पाहायचे, ही आपली वृत्ती मला फार मोलाची वाटते.

आपल्या सांगण्यावरून आता दर शनिवारी मुले जबड्यांचे स्क्रू तपासतात, रबर गुळगुळीत झाले आहे का ते बोटाने पाहतात, आणि चौपाटीकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेने जोडण्यांवर हिरवट थर धरला असेल तर तो पुसून काढतात. रोबो ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवला जातो. प्रत्येक तपासणीची नोंद वहीत होते, आणि वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी तुटलेल्या दात्यांचे ते चाक चिकटपट्टीने लावून ठेवले आहे.

आपण एक रुपयाही घेतला नाहीत. याचे ऋण मी मानते, परंतु त्याहून अधिक ऋण ‘पुढे काय करतो?’ या आपल्या प्रश्नाचे आहे, कारण आता वर्गात काहीही बिघडले की मुले आधी तोच विचारतात.

आपला पितळी चिमटा त्या दिवशी मुलांच्या सामानात आमच्याकडे आला आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तीन मुले तो परत द्यायला येतील आणि रोबोही सोबत आणतील. पंजा चालताना आपण पाहावा अशी त्यांची इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
रोबोटिक्स वर्गाची शिक्षिका,
गिरगाव, मुंबई